दोष तांडेलाच्या माथी

दार्दनेल्सच्या पराभवाची एक सुटसुटीत गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे. मार्च १९१५. ब्रिटिश आणि फ्रेंच युद्धनौका सामुद्रधुनीच्या तोंडाशी उभ्या. पुढे मार्मारा समुद्र, त्यापलीकडे कॉन्स्टँटिनोपल. वाट अडवून बसले होते पाणसुरुंग. ते उपसायला उत्तर समुद्रातले मासेमारीचे ट्रॉलर आणले होते. किनाऱ्यावरून तोफा सुरू झाल्या आणि ट्रॉलरवाले माघारी वळले. सुरुंग जागच्या जागी राहिले, १८ मार्चला तीन युद्धनौका बुडाल्या, आरमाराचा हल्ला फसला, मग गॅलिपोलीच्या कड्यांवर सैन्य उतरवावे लागले आणि पुढचे सगळे रामायण घडले. थोडक्यात काय, तर मच्छीमारांनी कच खाल्ली नसती तर महायुद्धाचा इतिहास वेगळा झाला असता.

ही गोष्ट रंगवणाऱ्यांत सर्वांत वजनदार माणूस म्हणजे रॉजर कीज. तेव्हा तो त्या आरमाराचा चीफ ऑफ स्टाफ होता, पुढे अ‍ॅडमिरल झाला. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने ट्रॉलरवाल्यांवरचा राग लपवलेला नाही. कीज शूर होता यात वादच नाही. १९१८चा झीब्रुगवरचा छापा त्याच्याच नेतृत्वाखाली पडला. पण आणखी एकदा जोर लावला असता तर सामुद्रधुनी फुटली असती, हे तो जन्मभर सांगत राहिला. अशा माणसाला पहिला जोर का फसला याचे उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर त्याला बोटीवरच्या माणसांच्या छातीत सापडले. लोकप्रिय इतिहासांनी ते उचलले, कारण त्यात खलनायक आयता मिळतो आणि कोष्टके वाचावी लागत नाहीत.

माझे म्हणणे असे आहे की हा आरोप खोटा आहे, आणि तो खोटा ठरवायला मच्छीमारांविषयीचा कळवळा लागत नाही. कीजने स्वतः त्या महिन्यात जे केले तेवढे पुरते.

आधी ट्रॉलर आरमारात आला कसा ते पाहू. १९०४ साली पोर्ट आर्थरच्या पाण्यात रशियाची पेत्रोपावलोव्स्क आणि जपानच्या हात्सुसे व याशिमा या मोठ्या युद्धनौका सुरुंगांनी बुडाल्या. चार पैशांचा लोखंडी गोळा लाखमोलाची नौका तळाला नेतो, हे सगळ्या आरमारांनी पाहिले. ब्रिटनमध्ये अ‍ॅडमिरल चार्ल्स बेरेसफर्डने १९०७ साली सुचवले की सुरुंग उपसायला वाफेचे ट्रॉलर वापरावेत. पुढच्या वर्षी ग्रिम्सबीच्या दोन ट्रॉलरांवर पोर्टलंडला चाचण्या झाल्या आणि १९१०च्या सुमारास राखीव नौदलात ट्रॉलरवाल्यांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

कल्पना उत्तम होती, कारण काम जवळपास तेच होते. ट्रॉलर म्हणजे तळाशी जड जाळे ओढणारी बोट. तिच्याकडे दणकट विंच, शेकडो वाव पोलादी तार आणि दिवस-रात्र एकाच संथ गतीने ओढत राहणारे इंजिन असते. सुरुंग उपसताना दोन ट्रॉलर काही शे यार्डांचे अंतर राखून समांतर चालत, त्यांच्यामध्ये तार असे, आणि ती ठरलेल्या खोलीवर राहावी म्हणून काइट नावाचा वजनदार लाकडी सांगाडा पाण्यात सोडलेला असे. तार सुरुंगाच्या दोराला अडकली की सुरुंग ओढत उथळ पाण्यात न्यायचा, किंवा दोर तुटून तो वर आला की बंदुकीने फोडायचा. तार अडकली की बोटीला काय जाणवते, ती कधी ढिली सोडायची, कधी ताणायची, हे शिकवायला आरमाराला काही वर्षे लागली असती. ट्रॉलरच्या तांडेलाला ते बापाच्या बोटीवर कळलेले असे.

आता ही पद्धत कुठे चालते ते बघा. खुला समुद्र हवा, बोटीला वळायला जागा हवी, आणि माथ्यावर कोणी गोळे टाकत नसावे. उत्तर समुद्रात हे बहुतेक वेळा मिळे. दार्दनेल्समध्ये यातले काहीही नव्हते. मार्मारातून एजियनकडे पाण्याची सतत ओढ असते, ताशी दोन ते चार सागरी मैलांची. तार पाण्यात सोडलेल्या ट्रॉलरचा वेग होता ताशी चार ते सहा मैल. वजाबाकी कोणीही करावी. प्रवाहाविरुद्ध चढताना ही बोट माणसाच्या चालण्याच्या वेगाने, कधी त्याहूनही हळू सरकणार. दोन्ही तीरांवर तोफा, शिवाय जागा बदलणाऱ्या हलक्या तोफा, आणि रात्री पाण्यावर फिरणारे प्रकाशझोत. समोर केफेझपासून पुढे सुरुंगांच्या दहा रांगा, एकूण साडेतीनशेहून अधिक. बोटीच्या भिंती बर्फाचे आणि लाटांचे धक्के सोसायच्या जाडीच्या. चिलखताचा प्रश्नच नाही. नांगराला जुंपलेला बैल शर्यतीत मागे पडला म्हणून त्याला भेकड म्हणण्यासारखा हा प्रकार होता.

योजनेतच गाठ बसलेली होती. तोफा बंद पाडायला युद्धनौकांनी जवळ जायला हवे होते, आणि सुरुंग असल्यामुळे त्यांना जवळ जाता येत नव्हते. सुरुंग काढायला ट्रॉलरांना निवांतपणा हवा होता, आणि तोफांमुळे तो मिळत नव्हता. ही गाठ आरमाराच्या प्रमुखाच्या, व्हाइस अ‍ॅडमिरल कार्डनच्या मेजावर सुटायला हवी होती. ती सोडवण्याचे काम रात्रीच्या अंधारात, दोन मैल वेगाच्या बोटींवर सोपवले गेले.

१० मार्चच्या रात्री एक शक्कल लढवली गेली. ट्रॉलर सुरुंगांवरून पुढे जाऊन वरच्या बाजूने प्रवाहाबरोबर उतरणार, म्हणजे ओढ विरोधात न जाता मदतीला येणार. शक्कल वाईट नव्हती. पण प्रकाशझोतांनी त्यांना गाठले, बहुतेक जोड्यांना तार नीट खाली सोडताच आली नाही आणि एक ट्रॉलर सुरुंगावर जाऊन फुटला. दुसऱ्या रात्री गोळीबार सुरू होताच ट्रॉलर वळले. हे खरे आहे, आणि ते नाकारून माझ्या बाजूला काही मिळणार नाही. त्याच दिवसांत लंडनहून नौदलमंत्री चर्चिलने तारेने विचारले की ज्या गोळीबारात माणसे मरत नाहीत त्याने सुरुंगांचे काम का अडावे. या कामासाठी दोन-तीनशे माणसे गेली तरी ती किंमत बेताचीच म्हणावी लागेल. पंधराशे मैलांवर बसून केलेला हा हिशेब आहे. गोळा लागला नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. रात्री डोक्यावरून तो जाताना कळत नाही.

ट्रॉलरवाल्यांनी काय उत्तर दिले तेही कीजनेच नोंदवून ठेवले आहे. सुरुंगावर उडून मरण्याला आमची हरकत नाही, पण तोफांच्या माऱ्याखाली सुरुंग उपसायला आम्ही नाव नोंदवलेले नव्हते, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. कीजला हे लाजिरवाणे वाटले. मला त्यात कामाची नेमकी समज दिसते. सुरुंगाचा धोका त्यांच्या हातात होता: तार, वेग, अंतर, नजर. तोफेपुढे त्यांच्या हातात काहीच नव्हते. ज्या माणसाला आपले हत्यार ठाऊक आहे तो या दोन धोक्यांना एकच मानत नाही.

आता कीजच्या स्वतःच्या प्रयोगाकडे येऊ. माणसे भित्री आहेत असे ठरल्यावर त्याने माणसे बदलली. आरमारातून स्वयंसेवक मागवले, आणि ते भरपूर आले. १३ मार्चच्या रात्री हे अधिकारी आणि खलाशी ट्रॉलरांवर चढले. पाठराखणीला अ‍ॅमेथिस्ट ही क्रूझर होती. काय झाले? तोफांनी ट्रॉलरांच्या विंचा आणि तारा उडवल्या, चार ट्रॉलर निकामी झाले आणि अ‍ॅमेथिस्टवर वीसहून अधिक नौसैनिक मेले. सुरुंगांच्या रांगा होत्या तिथेच राहिल्या. धैर्याची कमतरता हे कारण असते तर धैर्य आणून ओतल्यावर निकाल बदलायला हवा होता. तो बदलला नाही.

यानंतर कीजने बोटी बदलल्या. १८ मार्चच्या दारुण दिवसानंतर त्याने विनाशिकांना सुरुंग उपसण्याची साधने बसवायला घेतली. त्या ट्रॉलरच्या दुप्पट-तिप्पट वेगाने तार ओढू शकत होत्या. दार्दनेल्सची ओढ त्यांना जड नव्हती. एप्रिलपर्यंत हा ताफा तयार होत आला, पण तोवर आरमाराने एकट्याने घुसायचा बेतच सोडून दिला होता. म्हणजे ज्या माणसाने पुढे पुस्तकात दोष मनुष्यस्वभावाला दिला, त्यानेच त्या महिन्यात कृतीने कबूल केले होते की दोष वेगाचा आहे. फेब्रुवारीत, मोहीम सुरू होण्याआधी, विनाशिका का सजवल्या नाहीत, हा खरा प्रश्न. तो आठवणींच्या पुस्तकात सहसा कोणी स्वतःला विचारत नाही.

१८ मार्चची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्या दिवशी बूव्हे, इररेझिस्टिबल आणि ओशन बुडाल्या, इन्फ्लेक्सिबल जायबंदी झाली. एकट्या बूव्हेबरोबर सहाशेहून अधिक माणसे काही मिनिटांत गेली. घात केला तो सामुद्रधुनीत आडव्या टाकलेल्या त्या दहा रांगांनी नव्हे. ८ मार्चच्या पहाटे नुसरेत या छोट्या तुर्की नौकेने एरेनकोय उपसागरात, आशियाई किनाऱ्याला समांतर, सव्वीस सुरुंगांची एक जास्तीची ओळ टाकली होती. दोस्त नौका मारा करून वळतात त्या जागा तुर्कांनी नीट पाहून ठेवल्या होत्या. ती ओळ विमानांना दिसली नाही आणि आरमार ते पाणी मोकळे आहे असे धरून चालले. त्या दुपारी ट्रॉलर पुढे पाठवले, त्यांनी काही सुरुंग फोडले आणि गोळीबार वाढल्यावर ते परतले. घ्या, हेही मान्य. पण बूव्हे तोवर बुडालेली होती, आणि ती ज्या पाण्यात बुडाली तिथे रोज कोण वळते आहे याचा हिशेब ठेवणारा तुर्कांच्या बाजूला होता, ब्रिटिशांच्या नव्हे.

जाता जाता नुसरेतचेच पुढे काय झाले ते सांगायला हवे. आरमारातून निवृत्त झाल्यावर १९६२ साली ती खासगी हातांत गेली, मालवाहू झाली, काप्तान नुसरेत नावाने माल वाहू लागली, आणि १९८९ साली मेर्सिनजवळ बुडाली. दहा वर्षांनी तिला वर काढले आणि आता ती तार्सूसमध्ये जमिनीवर आहे. सुरुंग टाकायला बांधलेली नौका मालवाहू म्हणून तितकी टिकली नाही, एवढेच.

भित्रेपणाचा आरोप आणखी एका कसोटीवर टिकत नाही. माणसे त्याच बंदरांतली होती. डिसेंबर १९१४ मध्ये जर्मनांनी स्कारबरोवर मारा केला आणि जाता जाता किनाऱ्यालगत शंभर सुरुंग टाकले. ते उपसायला गेलेल्या ट्रॉलरांच्या भोवती १९ डिसेंबरला काही मिनिटांत अठरा सुरुंग फुटले. एक ट्रॉलर बुडाला, दुसरा फाटला, उरलेल्यांनी काम चालू ठेवले. मग वाहतूक मोकळी होईपर्यंत हिवाळाभर तेच. या लोकांना तीन महिन्यांत भूमध्य समुद्राची हवा लागून घाम फुटला, असे मानायचे का?

आणि ओट्रान्टोची सामुद्रधुनी. १५ मे १९१७ला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तीन क्रूझरांनी तिथल्या ड्रिफ्टरांच्या रांगेवर झडप घातली. ड्रिफ्टर म्हणजे हेरिंग पकडणाऱ्या लाकडी बोटी. पाणबुड्या अडकाव्यात म्हणून त्या जाळी पसरून उभ्या होत्या. क्रूझरांनी त्यांना बोटी सोडायला फर्मावले. गोवनली या ड्रिफ्टरचा कप्तान जोसेफ वॉट याने नकार देऊन आपल्या एकुलत्या छोट्या तोफेने क्रूझरवर मारा केला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सत्तेचाळीसपैकी चौदा ड्रिफ्टर बुडाले.

इथे मला उलट बाजूच्या लोकांशीही भांडायचे आहे. ओट्रान्टोचा वॉट हा दार्दनेल्सच्या आरोपाला उत्तर म्हणून हमखास पुढे केला जातो, आणि मीही वर केलाच. पण ती कथा अभिमानाने सांगणारे एक विसरतात. सत्तेचाळीस लाकडी बोटी शत्रूच्या क्रूझरांच्या टप्प्यात रात्री पुरेशा संरक्षणाशिवाय ओळीने उभ्या का होत्या? वॉटच्या पदकाने तो प्रश्न झाकला जातो, जसा दार्दनेल्समध्ये शिवीने झाकला गेला. मच्छीमाराला डोक्यावर घ्या किंवा पायाखाली तुडवा, दोन्हीकडे त्याच्या बोटीला तिथे पाठवणारा सुटतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हा धडा अर्धा गिरवला. लोस्टॉफ्टला स्पॅरोज नेस्ट नावाची नगरपालिकेची बाग होती, तिच्यात उन्हाळी नाटके होत. तीच रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिसचे मुख्यालय झाली. मौजेची जागा युद्धासाठी घेणे सोपे असते, हा एक गंमतीचा भाग. या दलाला आरमारातले लोक हॅरी टेटचे आरमार म्हणत. टेट हा रंगभूमीवरचा विनोदी नट, ज्याची मोटार प्रवेशात खिळखिळी होत जाई. ज्या बोटींची थट्टा होत होती त्यांच्या मासे ठेवायच्या खणात खलाशांच्या झोपायच्या जागा केल्या होत्या. लोस्टॉफ्टच्या स्मारकावर ज्यांचे देह सापडले नाहीत अशा जवळपास २,४०० जणांची नावे आहेत.

पण फरकही पाहा. आता कामानुसार बोट निवडली जाऊ लागली. चुंबकीय सुरुंग आल्यावर लोखंडी ट्रॉलर कामाचे राहिले नाहीत असे दिसताच लाकडी बोटी आणल्या गेल्या. पाणबुड्यांच्या शोधासाठी मुळातच लष्करी वापराचे ट्रॉलर नव्याने बांधले. १९४२च्या जुलैत आर्क्टिकमधून रशियाकडे निघालेला पीक्यू-१७ हा मालवाहू ताफा विखुरण्याचा हुकूम आला, तेव्हा एअरशायर या ट्रॉलरच्या कप्तानाने तीन मालवाहू जहाजे घेऊन बर्फात शिरून त्यांना पांढरा रंग फासला आणि ती वाचवली. उत्तरेकडचा बर्फ हे अशा बोटींचे जुने अंगण होते. अंगण ओळखीचे असले की अक्कल चालते.

आपल्याकडे हे शहाणपण आधीचे आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांच्यापाशी लढाऊ नौका थोड्या होत्या, म्हणून त्यांनी भाड्याने घेतलेल्या शिबाडांवर सैनिक चढवले. शिबाड हे माल वाहायचे गलबत. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा त्यांचा एक अधिकारी मारला गेला, ऑक्टोबरात त्यांची डोव्हर ही नौका मराठ्यांच्या हाती लागली. त्यांच्या रिव्हेंज या युद्धनौकेने कप्तान कीग्विनच्या हाताखाली चांगला मारा केला, पण वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ बुडाच्या मराठी होड्या वारा पडला की हव्या त्या दिशेने निघून जात आणि बेटाला रसद पोहोचत राहिली. इंग्रजांना शेवटी माघार घ्यावी लागली. मराठ्यांनी मोठी जहाजे नाहीत म्हणून रडगाणे गायले नाही आणि इंग्रजांनी मालवाहूला लढाऊ समजण्याची चूक केली. मराठ्यांच्या आरमाराचे दौलतखान आणि मायनाक भंडारी यांना ते पाणी कळत होते, हे जितके खरे तितकेच त्यांच्या होड्या त्या पाण्यासाठी होत्या हेही खरे.

हा वाद फक्त तोफांचा नाही. कामाची बोट मौजेसाठी वापरायला घेतली की तीच चूक नव्या वेषात येते. आता वकील बदललेले असतात: जुन्या बोटीला दुसरा जन्म, वारसा जपणे, पर्यटनातून रोजगार. या मंडळींना मी सरसकट विरोध करत नाही. ल हाव्रची पायलट कटर जोली ब्रीज, १९१३ची बांधणी, हिने १९२५ची पहिली फास्टनेट शर्यत जिंकली. तिचे मूळ काम होते कोणत्याही हवेत थोड्या माणसांनिशी समुद्रात टिकून राहणे. शर्यतीने तिच्याकडून तेच मागितले. ब्रिक्सहॅमच्या शिडाच्या ट्रॉलरांवर आज हौशी लोक सहली करतात, आणि त्याही ठीक चालतात, कारण शीड तेच आणि ओझे हलके. आणि अमेरिकन हौशी लोक ज्यांना ट्रॉलर म्हणतात त्या ग्रँड बँक्ससारख्या बोटींनी तर जन्मात जाळे ओढलेले नाही. त्या तळापासून मौजेसाठीच बांधल्या, नुसता चेहरा ट्रॉलरचा. असल्या ढोंगाने कोणी बुडत नाही.

बुडतात ते डार्लवाइनसारख्या बोटींत. ही ब्रिटिश आरमाराची पिकेट बोट, युद्धनौकेवरून किनाऱ्यावर माणसे ने-आण करणारी. पुढे खासगी झाली, मागची केबिन काढून उघडी बैठक केली, सहलीसाठी निघाली. ३१ जुलै १९६६ला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ती फोवीहून परतताना एकतीस माणसांसह नाहीशी झाली, त्यांत आठ मुले होती. तिच्यावर वायरलेस नव्हता, धोक्याची इशारत करायचे बाण नव्हते. चौकशीत ती खुल्या समुद्राच्या लायकीचीच नव्हती असे ठरले आणि मुख्य जबाबदारी ती नेणाऱ्या कप्तानावर टाकली गेली. तो दोषी होता, मी त्याची बाजू घेत नाही. पण त्या रूपात ती बोट कोणाच्या नजरेखालून गेली नव्हती का?

आपल्या देशातले उदाहरण ताजे आहे. ७ मे २०२३, केरळमधले तानूर. पर्यटकांनी भरलेली दुमजली बोट उलटली आणि बावीस माणसे गेली, त्यांत लहान मुले बरीच. ती मुळात मासेमारीची बोट होती. तिच्यावर बेकायदा बदल करून ती पर्यटकांसाठी काढली होती, असे बाहेर आले. ती का उलटली हे समजायला इंजिनियर लागत नाही. मासेमारीच्या बोटीचे वजन खाली असते. बर्फ, डिझेल, पाणी, पकडलेले मासे, सारे खणात. भरलेला खण बोटीला घट्ट बसवतो. त्याच बोटीचा खण रिकामा ठेवून वर दुसरा मजला चढवा आणि त्यावर पन्नास किलोची चाळीस ओझी उभी करा, तीही अशी की काही दिसले की सगळी एकाच कडेला धावतात. मासे धावत नाहीत. दिव्याचा झगमगाट आणि छताची रंगीत झालर हा बदल नव्हे. बदल म्हणजे गुरुत्वमध्य कुठे गेला याचा हिशेब. तो कागदावर झाला नाही की पाण्यावर होतो.

दुर्घटना घडली की अटक होते बोट चालवणाऱ्याला आणि मालकाला. व्हायलाच हवी. पण ज्याने परवाना दिला, ज्याने पाहणी केली किंवा केली नाही, ज्याने किनाऱ्यावर जेटी बांधताना या बोटींचा विचार केला नाही, त्यांची नावे आपल्याला आठवतात का? कीजने ज्या दिशेने बोट दाखवले, त्याच दिशेने आपली बोटे आजही वळतात.

शेवटी ज्या सूचनेमुळे हे सारे लिहायला बसलो ती. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याचे दहशतवादी पोरबंदरची कुबेर ही मासेमारी बोट बळकावून मुंबईजवळ आले आणि तिच्या तांडेलाला त्यांनी मारले. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या मच्छीमाराकडे एकदा संशयाने आणि एकदा आशेने पाहिले जाते. आशेचे टोक असे की चीनने जशी मच्छीमारांची सागरी फौज उभी केली तशी आपणही करावी: हजारो बोटी आहेतच, त्यांवर थोडी शस्त्रे आणि वायरलेस चढवा, काम भागेल.

चीनचे उदाहरण देणाऱ्यांनी ते नीट पाहिलेले नाही. मार्च २०२१ मध्ये फिलिपिन्सने व्हिटसन रीफजवळ सुमारे २२० चिनी बोटी मोजल्या. पण या फौजेच्या गाभ्यात सान्शासारख्या ठिकाणच्या मोठ्या पोलादी बोटी आहेत. त्या धडक देण्यासाठी मजबूत बुडाच्या बांधलेल्या, अनेकदा मासे न धरणाऱ्या. म्हणजे चीनने मासेमारीची बोट सैनिकी केली नाही, सैनिकी बोटीला मासेमारीचे रूप दिले. जे आपण मागतो आहोत त्याच्या हे बरोबर उलटे आहे. माहिती देण्याचे काम मच्छीमार करतोच आणि त्याने करावे. अनोळखी बोट दिसली की कळवणे यासाठी शस्त्र लागत नाही. प्रश्न शस्त्राचा आहे.

आणि इथे एक जुना कायदा आड येतो. १९०० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाकेत हबाना खटल्यात ठरवले की किनाऱ्यालगत मासे धरणारी बोट युद्धातही जप्त करता येत नाही. क्यूबाच्या दोन बोटी आरमाराने पकडल्या होत्या. १९०७च्या हेग कराराने हेच लिहून ठेवले, एका अटीवर: त्या बोटींनी लढाईत कोणताही भाग घेऊ नये.

पालघर, डहाणूकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. सीमेचा अंदाज चुकतो आणि पाकिस्तानी पहारा त्यांना धरून नेतो. मग वर्षानुवर्षे कराचीच्या तुरुंगात. त्यांना सोडवताना दिल्लीपाशी एकच युक्तिवाद असतो, की हा माणूस फक्त मासे धरत होता. त्याच ताफ्यातल्या दहा बोटींवर मशीनगन चढवल्यावर, हा युक्तिवाद कराचीत कोण ऐकून घेणार, आणि तो ऐकला गेला नाही तर तुरुंगात कोण बसणार?